पायाच्या नखांची निगा (अमेरिकेतील मेडिकेअर)

अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील लोकांसाठी आणि काही अपंगांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात पायाची नखे कापणे, कुरूप वा घट्टे काढणे यांसारख्या नेहमीच्या निगेचे पैसे मिळत नाहीत. १९६७ च्या कायदादुरुस्तीने पोडायट्रिस्टची (पायाच्या डॉक्टरांची) सेवा विम्यात आली आणि त्याच दुरुस्तीने ही निगा वगळली गेली. काम पोडायट्रिस्टने केले की सर्जनने, याने फरक पडत नाही.

अपवाद आहे तो आजाराचा. मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्यांचे विकार किंवा मज्जातंतूंचे विकार असले की पायाला रक्त कमी पोचते किंवा संवेदना बोथट होते. नखे कापताना झालेली बारीकशी जखम मग कळतही नाही आणि भरतही नाही. ती चिघळून बोट गमावण्यापर्यंत पाळी येते. म्हणून अशा रुग्णाची नखे डॉक्टरने कापणे हा उपचार मानला जातो. मात्र नुसते मधुमेहाचे निदान पुरत नाही, पायावरची लक्षणे नोंदवावी लागतात.

ही लक्षणे तीन वर्गांत मोडतात. ‘अ’ वर्गात अपघाताशिवाय पाय किंवा त्याचा हाडासह भाग कापावा लागलेला असणे येते. ‘ब’ वर्गात घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी न लागणे, पावलावरची नाडी न लागणे, आणि त्वचा-केस-नखांतले ठळक बदल (केस विरळ होणे, नखे जाड होणे, कातडी पातळ व चकचकीत होणे, रंग बदलणे यांपैकी किमान तीन) येतात. चालताना पोटरीत कळ येऊन थांबावे लागणे, गार पाय, सूज, मुंग्या आणि जळजळ हा ‘क’ वर्ग. बिलावर यासाठी मॉडिफायर (कामाच्या कोडला जोडायची खूण) लावतात : ‘अ’ मधले एक लक्षण असेल तर क्यू७, ‘ब’ मधली दोन असतील तर क्यू८, ‘ब’ मधले एक व ‘क’ मधली दोन असतील तर क्यू९. मधुमेहासारख्या काही आजारांत रुग्णावर फिजिशियनचे उपचार चालू असावे लागतात; त्यांनी रुग्णाला गेल्या सहा महिन्यांत तपासल्याची तारीखही क्लेमवर येते.

बिलावर लिहायचे कामाचे कोड वेगवेगळे आहेत. निरोगी नखे कापणे ११७१९, विकृत नखे कापणे जी०१२७. जाड नखे घासून-छाटून पातळ करणे पाच नखांपर्यंत ११७२० आणि सहा वा अधिक नखांसाठी ११७२१. बुरशी लागलेल्या नखांचा रस्ता निराळा आहे. वरचे आजार नसले तरी बुरशीचा पुरावा आणि तिच्यामुळे दुखणे, चालणे फार अवघड होणे किंवा जंतुसंसर्ग, यांची नोंद असेल तर पैसे मिळतात. मंजूर रकमेतला २० टक्के वाटा, वार्षिक डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) भरल्यानंतर, रुग्णाचा असतो.

मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली असेल, तर जुलै २००२ पासून दर सहा महिन्यांनी पायाची तपासणी व निगा मिळते. अट एवढीच की मधल्या काळात पायाच्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेलेले नसावे. परीक्षा १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने होते. एका पायावरच्या पाचपैकी दोन ठिकाणी स्पर्श कळला नाही, की संवेदना गेली असे धरतात.

या चौकटीतली मोठी उणीव अशी की वाकता न येणे, नजर अधू असणे, हात थरथरणे यांना त्यात जागा नाही. संधिवाताने कंबर न वळणाऱ्या ऐंशीच्या बाईला स्वतःची नखे कापता येत नाहीत. तिची गरज खरी असूनही तिला खिशातूनच पैसे द्यावे लागतात. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या काही मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना अशा थोड्या भेटी जादा देतात. मुलांकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांपुढे प्रश्न आणखी आधीचा असतो : तिथे नोकरी केलेली नसेल, तर साधारणपणे ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येते, आणि व्हिजिटर व्हिसावरच्यांना ते नाहीच.

बहुतेक ठिकाणी ६० दिवसांच्या आत पुन्हा केलेल्या निगेचा क्लेम फेटाळला जातो. असा नकार अपेक्षित असेल तर डॉक्टरने आधी लेखी सूचना देऊन रुग्णाची सही घ्यावी लागते. ती नसेल तर रुग्णाकडून पैसे मागता येत नाहीत.