मोठी बायोटेक कंपनी म्हणजे कायमची नोकरी? एक खुलासा
बडोद्यात, दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, कुणाची मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झाली की हमखास ऐकू येतं: "मोठ्या कंपनीत लागली की सरकारी नोकरीसारखंच, शिवाय संशोधन!" दोन्ही समज चुकीचे आहेत.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकालाच मंजुरी मिळते. या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात औषध अपयशी ठरलं की कुणाचीही चूक नसताना अख्खा विभाग बंद होऊ शकतो. मालकीही बदलते. 1976 साली सुरू झालेली अमेरिकेतली बायोटेक कंपनी जेनेन्टेक, जिच्या तंत्रातून 1982 मध्ये मंजूर झालेलं मानवी इन्सुलिन आलं, तीही 2009 मध्ये रोश या स्विस औषध कंपनीने पूर्ण ताब्यात घेतली.

आणि संशोधन? बऱ्याच जागा उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि कागदपत्रांच्या. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदवहीत, नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. फर्मेंटरमधल्या, म्हणजे पेशी वाढवण्याच्या टाकीतल्या, पेशी रविवारीही वाढतात, म्हणून कामाच्या पाळ्या असतात. पण ही शिस्त आणि महागड्या यंत्रांवर बसलेला हात पुढे कुठेही उपयोगी पडतो, हे मी मनापासून सांगते.

आईवडिलांनो, मुलाखतीला जाताना पगारासोबत हेही विचारायला सांगा: विभाग कोणता, आणि त्याचं उत्पादन बाजारात आहे की अजून चाचणीत?