रंगाआधी छायाभेद

निळ्या फ्लेक्सवर लालभडक अक्षरे छापली, की रस्त्यापलीकडून ती धड वाचता येत नाहीत. दोन्ही रंग ठसठशीत, एकमेकांहून अगदी वेगळे. तरी अक्षरांच्या कडा थरथरतात. तोच मजकूर काळ्यावर पिवळ्या रंगात लिहिला, तर लांबूनही सहज वाचता येतो. रंग वेगळे असले तरी लाल आणि निळा दोघेही गडद आहेत. इथे कमी पडला तो छायाभेद.

रेषा, आकार, रंग, छायाभेद, पोत, अवकाश हे चित्राचे मूलघटक चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पाठ असतात. यादीत ते एका रांगेत उभे असले, तरी डोळा त्यांना सारखा मान देत नाही. छायाभेद म्हणजे एखादी जागा किती उजळ, किती गडद. वस्तूची कड, तिचा उठाव, अंतर आणि हालचाल मेंदू मुख्यतः या उजेडाच्या फरकावरून ओळखतो. रंगाचे बारकावे त्याला त्यामानाने ढोबळच दिसतात. मोबाइलमधला जेपेग फोटो याचाच फायदा घेतो: उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची नोंद अनेकदा चार ठिपक्यांत मिळून एकच. आपल्याला फरक कळतही नाही.

मोबाइलच्या पडद्यावरच्या पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. म्हणून लाल आणि हिरवा मिळून झालेला पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ. वेबपानांच्या मानकानुसार साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५:१ हवे. शुद्ध पिवळा काळ्यावर १९.५ पर्यंत जातो, पांढऱ्यावर १.०७ वर कोसळतो. निळ्यावरचा लाल २.१५ वर अडकतो. त्यात डोळ्याचे भिंग लाल आणि निळ्या प्रकाशाला एकाच जागी केंद्रित करू शकत नाही, म्हणून ती थरथर.

छायाभेदाची ही उणीव एखादा कसलेला चित्रकार मुद्दाम वापरतोही. क्लोद मोनेने १८७२ मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातला सूर्योदय रंगवला. त्यातला नारिंगी सूर्य भोवतालच्या करड्या आकाशाइतकाच उजळ आहे. चित्राची कृष्णधवल प्रत काढली, की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. रंगाची यंत्रणा सूर्य दाखवते, उजेडाची यंत्रणा त्याला जागेवर बसवू शकत नाही, आणि तो लकाकत राहतो.

छायाभेदाची नजर तयार होते ती नऊ पायऱ्यांच्या पट्टीने. जाड ड्रॉइंग पेपरवर ३ सेंटीमीटरचे नऊ चौकोन आखा आणि पोस्टर कलरचा फक्त पांढरा व काळा घ्या. पहिला चौकोन पांढरा, नववा काळा, मग थेट पाचवा. त्यानंतर तिसरा व सातवा, आणि उरलेले शेवटी. एका टोकाकडून ओळीने निघालात, तर बहुधा सहाव्या चौकोनातच काळा येऊन ठेपतो. मधल्या करड्यासाठी पांढरा आणि काळा निम्मे-निम्मे घेऊ नका; रंग फार गडद होईल. मधला वाटणारा करडा पांढऱ्याच्या निम्मा नव्हे, तर जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश परावर्तित करतो, हे खरे. पण काळ्या रंगद्रव्याचा जोर इतका, की निम्म्या काळ्याने रंग त्याहूनही गडद होतो. म्हणून पांढऱ्यातच काळा ब्रशच्या टोकाने थोडाथोडा मिसळा. उलट केलेत तर पांढऱ्याची बाटली संपेल. ओल्या रंगावर निकाल देऊ नका. या रंगाच्या उजळ छटा वाळल्यावर किंचित गडद होतात, गडद छटा किंचित फिकट. प्रत्येक छटा वेगळ्या कागदावर लावून, वाळवून मगच चौकोनात भरा. पाणी जास्त झाले, तर डाग पडून एकाच चौकोनात तीन छटा दिसतील.

पट्टी अचूक जमली तरी शेजार फसवतो. पॅरिसच्या गोब्लां गालिचा कारखान्यात काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार होती. तिथला रसायनतज्ज्ञ मिशेल-युजेन शेव्हरल याने तपासले, तर रंगणी ठीक होती. काळ्याचा दम शेजारचे रंग काढत होते. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. प्रयोग घरी होतो. एकाच करड्या कागदाचे ३ सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा, एक काळ्या कागदावर आणि दुसरा पांढऱ्यावर ठेवा. काळ्यावरचा उजळ वाटेल. दोघांवरून त्याच कागदाची पट्टी आडवी टाकली, की ते एकच असल्याचे पटते. म्हणूनच रंग पॅलेटवर नव्हे, त्याच्या जागी लावून पारखायचा.

मांडणीची तत्त्वे इथूनच सोपी होतात. प्राबल्य हवे तिथे चित्रातला सर्वांत मोठा छायाभेद ठेवा. तोल सांभाळताना लक्षात ठेवा, लहानसा गडद डागही मोठ्या फिकट जागेला तोलून धरतो. लय म्हणजे गडद-उजळ जागांची ठरावीक अंतराने होणारी आवृत्ती. वारलीचे चित्रकार गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वापरतात आणि त्या एकाच विरोधावर अख्खे लग्न, अख्खी कापणी उभी करतात. रंगाची उणीव तिथे भासतच नाही.

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी ६ बाय ८ सेंटीमीटरचे तीन-चार कच्चे आराखडे करा, फक्त उजळ, मधली आणि गडद अशा तीन छटांत. तिन्हींना सारखी जागा दिलीत, तर चित्र विखुरते. एकीला निम्म्याहून जास्त, एकीला अगदी थोडी द्या. रंगवताना मधूनमधून डोळे किलकिले करा: बारीक तपशील पुसले जातात, उजेडाचे मोठे तुकडे उरतात. मोबाइलच्या कृष्णधवल फोटोचाही उपयोग होतो, पण ॲप आधी पारखून घ्या. पडद्यावरचा शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा त्यात एकाच करड्या छटेचे दिसले, तर ते ॲप डोळ्यासारखे मोजत नाही, दुसरे शोधा.