संकेतस्थळ प्रशासन व मजकूर-प्रसिद्धी, नागरी स्थानिक संस्थांतील (महाराष्ट्र)

महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर कोणता मजकूर यावा, तो कोणत्या विभागाने पुरवावा, कोणाच्या मान्यतेने प्रसिद्ध व्हावा, कोणी तपासत राहावा आणि कालबाह्य झाल्यावर कोठे जतन व्हावा, हे ठरविणारी प्रशासकीय व्यवस्था. करभरणा, दाखले, तक्रार नोंदणी या ऑनलाइन सेवांचा उल्लेख येथे अनुषंगानेच केला आहे.

स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याच्या बंधनाचा उगम तीन प्रकारे सांगितला जातो. पहिल्या मतानुसार मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि नंतरचे १९४९ (महानगरपालिका) व १९६५ (नगरपरिषदा) चे अधिनियम यांत जाहीर सूचनांविषयी ज्या तरतुदी आहेत, त्यांचाच पुढचा टप्पा म्हणजे संकेतस्थळ होय. वर्तमानपत्रातील सूचना आणि कार्यालयाबाहेरचा फलक यांच्या जोडीला ते आले. दुसरे मत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ कडे बोट दाखवते. तिसऱ्या मतात भर आहे तो ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानावर. सहभागी राज्यांनी माहिती प्रकटनाचा कायदा करणे ही या अभियानातील सक्तीच्या सुधारणांपैकी एक होती. यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या अधिनियमांतील तरतुदी विशिष्ट सूचनांपुरत्या मर्यादित आहेत, तर अभियानाची अट निधीशी बांधलेली होती. कलम ४ मध्ये मात्र कोणी अर्ज करो वा न करो, माहिती आपणहून मांडण्याचे कायमचे कर्तव्य येते. कलम ४(१)(ख) मधील १७ बाबी अधिनियम झाल्यापासून १२० दिवसांत प्रसिद्ध करायच्या होत्या आणि त्या दरवर्षी अद्ययावत करायच्या असतात. कलम ४(२) मध्ये इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे आणि कलम ४(४) मध्ये स्थानिक भाषेचा. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ चा असल्याने येथील कार्यालयांना ही कल्पना अगदीच नवी नव्हती. केंद्रीय कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ रोजी स्वयंप्रकटनाच्या सविस्तर सूचना काढून दरवर्षी त्रयस्थ लेखापरीक्षणाची अपेक्षा घातली. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ४ च्या अंमलबजावणीवर केंद्रीय व राज्य माहिती आयोगांनी सतत देखरेख ठेवावी, असे सांगितले.

राज्यातील नागरी संस्थांच्या संगणकीय कारभाराच्या आरंभाचे श्रेय सामान्यतः कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेला दिले जाते. तेथे २००० च्या आसपास संगणकीकृत नागरी सुविधा केंद्र उभे राहिले आणि पुढे शासनाने हाच नमुना राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी स्वीकारला. तो प्रयोग प्रामुख्याने सेवांचा होता, मजकूर-प्रसिद्धीचा नव्हे, हे मात्र ध्यानात घ्यावे लागते. सेवा आधी आणि मजकूर मागाहून, या क्रमामुळेच बहुतेक ठिकाणी संकेतस्थळ संगणक विभागाकडे गेले आणि तेथेच राहिले असावे.

प्रसिद्धीच्या कार्यपद्धतीचा मुख्य आधार राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये तयार केलेली भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे हा आहे. त्यांची दुसरी आवृत्ती २०१८ च्या सुमारास आणि तिसरी २०२३ मध्ये निघाली. मजकूर देणारा, तो तपासणारा आणि त्याला अंतिम मान्यता देणारा अशा तीन भूमिका त्यांत वेगळ्या केल्या आहेत. मजकूर किती काळाने पुन्हा पाहायचा, जुना झाल्यावर अभिलेखात कधी टाकायचा आणि संकेतस्थळ बंद पडले किंवा त्यावर हल्ला झाला तर काय करायचे, याची लेखी धोरणे असावीत, असेही त्यांत म्हटले आहे. या सर्वांसाठी उत्तरदायी असा एक वेब माहिती व्यवस्थापक नेमावा लागतो. महापालिकेत ठराव व इतिवृत्ते नगरसचिव कार्यालयातून येतात, निविदा त्या त्या खात्यातून आणि प्रसिद्धिपत्रके जनसंपर्क अधिकाऱ्याकडून. नगररचना विभागाच्या हरकती-सूचनांना तर वैधानिक मुदत असते. इतक्या हातांतून येणाऱ्या मजकुराला एकच मालक असू शकत नाही. म्हणून प्रत्येक पानाखाली जबाबदार विभाग, प्रसिद्धीचा दिनांक आणि शेवटच्या बदलाचा दिनांक असणे ही किमान अट मानली पाहिजे. संगणक विभागाने मंच सांभाळावा. पाणीपट्टीचे दर बरोबर आहेत की नाहीत, हे पाणीपुरवठा विभागानेच पाहावे. पुढच्या बहुतेक अडचणी ही विभागणी न झाल्यामुळे उद्‍भवतात.

लिपीचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडण्याइतका महत्त्वाचा आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण संकेतप्रणालीच्या, १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच झाला होता. तरी कार्यालयांतील टंकलेखन दीर्घकाळ श्रीलिपी, सुरेख, शिवाजी अशा जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) चालले. या टंकांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसविलेली असतात. टंक नसलेल्या संगणकावर असा ठराव निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून दिसतो आणि शोधयंत्राला त्यातले काहीच वाचता येत नाही. राज्य शासनाने पुढे युनिकोडचा आग्रह धरला आणि नवीन मजकूर सुधारला, मात्र मागील वर्षांचे अंदाजपत्रक वा इतिवृत्त रूपांतरित करण्याचे काम क्वचितच हाती घेतले गेले. युनिकोडमध्येही एक पेच उरतो. ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ यांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालून. ‘ॲ’चेही तसेच आहे. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, पण त्यापूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला ती भिन्न वाटतात. संकेतस्थळाच्या शोधसुविधेत दोन्ही रूपे एक मानण्याची सोय केलेली नसेल, तर ‘अधिकाऱ्यांची यादी’ असूनही नागरिकाला सापडत नाही. ही दुरुस्ती अल्प श्रमाची आहे आणि निविदेच्या अटींतच ती घालणे योग्य.

याहून मोठी हानी छायाप्रतींमुळे होते. सही-शिक्क्याचा कागद हाच पुरावा, या समजुतीने आदेश छापून, सही करून, पुन्हा प्रतिमेच्या रूपात चढविला जातो. मूळ संगणकीय मजकूर हाताशी असताना तो असा मुका केला जातो. सहीची प्रत अवश्य ठेवावी, पण तिच्याशेजारी शोधता येणारा मजकूर असलाच पाहिजे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये दस्तऐवज अक्षर-ओळख झालेल्या स्वरूपात ठेवण्यास सांगितले होते, कारण दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र प्रतिमा वाचू शकत नाही. त्याच नियमाने वरील मार्गदर्शक तत्त्वे सर्व आस्थापनांच्या संकेतस्थळांना लागू केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. किमान निकष बंधनकारकच असले पाहिजेत, केवळ शिफारशी पुरेशा नाहीत, असे त्यामागचे कारण होते. सुगम्यतेची बाजू या निर्णयाने अधिक बळकट झाली, असेच म्हणावे लागेल.

भाषेबाबत, स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेसंबंधीचा राज्याचा अधिनियम २०२२ चा आहे. त्यानुसार कारभार मराठीत चालतो. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकात मराठीसोबत उर्दू असण्यास हा अधिनियम आड येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिला. तो फलकापुरता असला, तरी संकेतस्थळावर मराठीच्या जोडीला दुसरी भाषा देण्याच्या प्रश्नातही तो मार्गदर्शक ठरण्याजोगा आहे.

जतनाची बाजू सर्वांत दुबळी आहे. पुणे महानगरपालिकेचे संकेतस्थळ पूर्वी पुणेकॉर्पोरेशन डॉट ऑर्ग या पत्त्यावर होते आणि नंतर शासकीय पत्त्यावर आले. अशा प्रत्येक स्थलांतरात जुने दुवे नव्या पानांकडे वळविले नाहीत, तर वर्तमानपत्रांनी, संशोधकांनी आणि याचिकाकर्त्यांनी उद्‍धृत केलेले दस्तऐवज हाती लागेनासे होतात. विकास आराखड्याचा नकाशा दुरुस्त झाल्यावर आधीची फाइल काढून त्याच नावाने नवी ठेवणे हा त्याहून गंभीर प्रकार. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली हरकत घेणाऱ्याला आपण कोणती आवृत्ती पाहिली होती, हे मग सिद्ध करता येत नाही. आवृत्तीक्रमांक देऊन दोन्ही फाइली ठेवणे हाच यावरचा उपाय. २०२२ पासून अनेक महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळात निवडून आलेल्या सभेच्या जागी प्रशासकाचे ठराव झाले. ते सर्वसाधारण सभेच्या ठरावांपासून वेगळे, पण त्याच ठिकाणी शोधता येतील असे मांडणे इतिहासाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे उतरविली जातात. संकेतस्थळाची सुरक्षा तपासणी सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या यादीवरील लेखापरीक्षकांकडून करून घेतली जाते.

नगरपरिषदा व नगरपंचायतींत मनुष्यबळ अगदी थोडे असते. तेथे संगणक अभियंत्याचे पद राज्यस्तरीय नगरपरिषद सेवेतील असून, मजकुराला मान्यता देण्याची जबाबदारी स्वाभाविकपणे मुख्याधिकाऱ्यावर येते. मजकूर देणारा, तपासणारा व मान्यता देणारा या तीन भूमिका अशा कार्यालयांत दोनच व्यक्तींत सामावतात. निदान मजकूर चढविणाऱ्यानेच त्याला मान्यता देऊ नये, एवढा भेद तेथेही पाळता येतो.