परकराचं लाल पाणी

नवा लाल परकर पहिल्यांदा धुवायला काढला की घरोघरी एकच सूचना मिळते: "आधी मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होईल." आमच्या घरीही हेच चालायचं. तासाभराने बादलीतलं पाणी गुलाबी झालेलं असायचं आणि पुढच्या चार धुण्यांतही होतच राहायचं. या सल्ल्यात तथ्य आहे, पण ते रंगाऱ्याच्या हौदापुरतं.

कापूस म्हणजे सेल्युलोज. पाण्यात त्याच्यावर किंचित ऋण भार येतो. सुती कापडाचा रंग पाण्यात विरघळावा म्हणून त्याच्या रेणूवरही ऋण भार दिलेला असतो. त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियमचे आयन, म्हणजे धन भाराचे कण, मध्ये आले की हा विरोध मावळतो आणि रंग पाणी सोडून धाग्याकडे सरकतो. मीठ इतकंच करतं. रंगाला धाग्याजवळ आणतं, बांधून ठेवत नाही.

1884 साली आलेला काँगो रेड हा सुताला थेट चढणारा पहिला कृत्रिम रंग. त्याआधी सूत रंगवताना बहुतेक रंगांना तुरटीसारखा मध्यस्थ लागे. काँगो रेडचा लांब, चपटा रेणू सेल्युलोजच्या साखळीला नुसता बिलगून बसतो. चढायला सोपा, तितकाच उतरायलाही. असे 'डायरेक्ट' रंग आजही स्वस्त कापडात वापरले जातात.

बिलगणं पुरेसं नाही, गाठच मारली पाहिजे, हे साधलं 1954 मध्ये. मँचेस्टरजवळ ब्लॅकली इथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांनी रंगाच्या रेणूला एक कडं जोडलं. तीन कार्बन, तीन नायट्रोजन आणि बाहेर तीन क्लोरीन असलेलं. एका क्लोरीनच्या जागी रंग जोडला, दोन मोकळे राहिले. पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते अल्कधर्मी केलं की क्लोरीन निघून जातो आणि त्या जागी सेल्युलोजचा ऑक्सिजन येऊन बसतो. हा खरा रासायनिक बंध. रंग आता कापडावर बसलेला नसतो, कापडाच्या रेणूचाच भाग झालेला असतो. 1956 मध्ये हे 'रिॲक्टिव्ह' रंग प्रोसियन या नावाने बाजारात आले.

मग रिॲक्टिव्ह रंगाचं कापडही पहिल्या धुण्यात पाणी रंगवतं, ते का? कारण हौदात कापसाला एक प्रतिस्पर्धी असतो: पाणी. पाण्याच्या रेणूतही तसाच ऑक्सिजन आहे. काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच गाठ बांधून मोकळा होतो. अशा रेणूचे गाठ मारायचे हात संपलेले असतात. तो धाग्याला कधीच जोडला जाणार नाही, पण बिलगून मात्र बसतो. कारखान्यात उकळत्या साबणाच्या पाण्यातून कापड पुन्हा पुन्हा काढून हा रंग धुऊन टाकावा लागतो. त्याला पाणी, इंधन आणि वेळ लागतो, आणि काटकसर नेमकी इथेच होते. माझं स्पष्ट मत आहे की पुष्कळदा रंग जातो तो रसायनशास्त्र कमी पडलं म्हणून नाही, धुलाई अर्धवट सोडली म्हणून.

हा तोटा कमी करायला रसायनतज्ज्ञांनी रेणूला वेगवेगळ्या प्रकारचे दोन हात दिले. ढोबळ हिशेब असा: एका हाताची गाठ शंभरात सत्तर वेळा बसत असेल, तर दोन्ही हात चुकण्याची शक्यता तीस टक्क्यांची तीस टक्के, म्हणजे फक्त नऊ. प्रत्यक्षात आकडे इतके सरळ येत नाहीत, पण रंगाची बचत मोठी होते. नाल्यात जाणारं रंगीत पाणीही कमी होतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

ऊन हा वेगळाच शत्रू. खिडकीच्या जुन्या पडद्याची खालची दुमड उसवून पाहा. आतली पट्टी गडद निघते, बाहेरचं कापड विटलेलं. दोन्ही भाग सारख्याच वेळा धुतलेले, फरक फक्त उन्हाचा. प्रकाशाची ऊर्जा आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रंगाचा रेणूच तोडतात. धाग्याशी मारलेली गाठ कितीही घट्ट असली तरी इथे उपयोगाची नाही. ॲझो नावाच्या रंगगटात दोन नायट्रोजनचा जोड हा नाजूक सांधा असतो. रसायनतज्ज्ञ त्याच्या शेजारी हायड्रोजन असलेला गट बसवतात. तो हायड्रोजन दोघांमध्ये पुलासारखा अडकतो आणि सांध्याला आधार मिळतो. रंग उन्हात किती टिकतो हे निळ्या लोकरीच्या आठ प्रमाण पट्ट्यांशी ताडून ठरवतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट काळ टिकते.

उन्हाला फारच चिवट ठरलेला एक रेणू अपघाताने हाती लागला. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंग कारखान्यात एका लोखंडी भांड्याच्या काचेच्या अस्तराला तडा गेला आणि आतल्या पांढऱ्या रसायनात निळसर डाग दिसले. लोखंडाशी संयोग होऊन थॅलोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार झालं होतं. लोखंडाच्या जागी तांबं घातलं की झळझळीत निळा रंग मिळतो. आजचे फिरोजी रिॲक्टिव्ह रंग याच घराण्यातले.

पण फिरोजी कापड रंगवणाऱ्याला विचारा, तो डोक्याला हात लावेल. रेणू इतका मोठा की धाग्यात शिरायलाच वेळ घेतो, पुरेसा जोडला जात नाही आणि न जोडलेला भाग लवकर धुऊन निघत नाही. म्हणून फिरोजी रंगाला जास्त तापमान, जास्त वेळ आणि धुलाईच्या जास्त फेऱ्या लागतात.

त्या परकराला मात्र मीठ नको. मिठाच्या पाण्यात सुटा रंग उलट धाग्याला धरून राहतो आणि पुढच्या धुण्यात पांढऱ्या शर्टावर उतरतो. परकर वेगळा ठेवून, कापडाला सोसेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात, पाणी नितळ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवा. कारखान्यात राहून गेलेली धुलाई तेवढी घरी पुरी होईल. इतकं करूनही प्रत्येक वेळी पाणी तितकंच लाल येत राहिलं, तर तो बहुधा नुसता बिलगलेला डायरेक्ट रंग आहे. असा परकर कायम वेगळाच धुवा.