पारलिंगी स्मृतिदिन

द्वेषापोटी मारल्या गेलेल्या पारलिंगी (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींचे सामूहिक स्मरण करण्याचा दिवस. तो दरवर्षी 20 नोव्हेंबरला पाळतात. 28 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेतील बॉस्टनच्या ऑल्स्टन भागात रिटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा तिच्याच घरात भोसकून खून झाला. खुनी सापडला नाही. वृत्तपत्रांनी तिला पुरुष ठरवून बातम्या दिल्या, तेव्हा शोकात असलेल्या मैत्रिणींना तिच्या नावासाठीही भांडावे लागले. पुढच्याच वर्षी पारलिंगी कार्यकर्त्या ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांच्या पुढाकाराने हा दिवस सुरू झाला. मेणबत्त्या लावायच्या आणि वर्षभरातील मृतांची नावे मोठ्याने वाचायची, हा त्याचा मुख्य विधी. 2024 च्या जागतिक नोंदीत असे 350 खून होते. ज्यांची दखलच घेतली गेली नाही ते वेगळे.

नाव घेऊन मृतांना आठवणे कोकणाला नवे नाही. भाद्रपदात घरोघरी म्हाळ घालतात, पितरांची नावे उच्चारतात, कावळ्याला घास ठेवतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीही सर्वपित्री अमावास्या आहे. घर सोडावे लागलेल्या तृतीयपंथी लेकराला मात्र या नावांत सहसा जागा नसते, आणि मिळालीच तर टाकून दिलेल्या जन्मनावाने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईची वाट जुनी. चाकरमानी गणपतीला हक्काने परततो. हा हक्क अशा लेकरांना क्वचितच मिळतो. मुंबई-ठाण्यात तृतीयपंथी समुदायातील गुरू-चेल्यांचे नाते काहींचे घर होते. पण मृत्यूनंतर देहाचा ताबा रक्ताच्या नातेवाइकांकडे जातो आणि ज्यांनी आजारपण काढले ते बाजूला पडतात. अनेक नॉनबायनरी व्यक्तींना तर असे घराणेही नसते.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. त्याच कायद्यात पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा 2 वर्षांची ठेवली गेली, स्त्रीवरील बलात्काराच्या शिक्षेशी असलेली ही तफावत संतापजनक आहे. हयातीत प्रमाणपत्र हाती असले, तर पंचनाम्यात आणि मृत्यूच्या दाखल्यात खरे नाव येण्याची शक्यता वाढते. म्हणून अर्ज करताना कचेरीत सोबत जाणे हेही या दिवसाचेच काम मानावे.

वाडीत मयत झाले की सारी वाडी धावते, लाकडे जमवते, खांदा देते. पारलिंगी व्यक्ती गेली तर तिच्या गुरूला, चेल्यांना आणि मित्रमैत्रिणींना त्या खांद्यात वाटा मिळावा, आणि तिरडीवर तिला तिच्या पसंतीचेच कपडे नेसवावेत.