टर्मिनलच्या दारातलं गणित

गर्दी पाच टक्क्यांनी वाढली तर रांगही तेवढीच लांबेल, असं वाटणं साहजिक आहे. विमानतळावर मात्र हा हिशोब फसतो. समजा, चेक-इनच्या एका काउंटरवर कुणाला कमी, कुणाला जास्त, पण सरासरी 2 मिनिटं लागतात आणि प्रवासी केव्हाही येतात. काउंटर 80 टक्के वेळ गुंतलेला असेल तर रांगेत सरासरी 8 मिनिटं जातात. 90 टक्क्यांवर 18 मिनिटं आणि 95 टक्क्यांवर तब्बल 38! या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी 1909 मध्ये घातला. म्हणून टर्मिनल पूर्ण भरायची वाट पाहत बसलं की विस्ताराला उशीर झालेलाच असतो.

टर्मिनल वाढवलं की त्याच्या दारातला रस्ताही वाढवावा लागतो, आणि नेमकी तीच जागा सगळ्यात दुर्लक्षित राहते. मिनिटाला 20 गाड्या येत असतील आणि सामान उतरवून निरोप घेईपर्यंत प्रत्येक गाडी 3 मिनिटं थांबत असेल, तर दारात एका वेळी सरासरी 60 गाड्या उभ्या असतात. गाडीमागे 6 मीटर धरले तरी 360 मीटर लांबीची कड लागते. थांबण्याची वेळ 2 मिनिटांवर आली तर 240 मीटर पुरतात. एक वीटही न रचता 120 मीटर जागा मिळते! गाड्या लवकर हलवणाऱ्या सुरक्षारक्षकाचा आपल्याला राग येतो, पण तो हेच काम करत असतो.

मुंबईत ही जोडी नीट जुळवली गेली. फेब्रुवारी 2014 मध्ये विमानतळाचं नवं टर्मिनल, टी-2, सुरू झालं, तेव्हाच पश्चिम द्रुतगती मार्गावरून थेट तिथे नेणारा सुमारे 2 किलोमीटरचा सहार उन्नत मार्गही खुला झाला. त्याआधी विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या अंधेरी-विलेपार्ल्याच्या सिग्नलांवर अडकायच्या.

तरीही मुंबईची खरी अडचण आत, धावपट्टीवर आहे. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. टर्मिनल कितीही मोठं केलं तरी तासाला उतरणारी विमानं त्यामुळे वाढत नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात म्हणूनच दोन धावपट्ट्या समांतर आणि एकमेकींपासून पुरेशा दूर आखल्या आहेत.