टीईईआर घसरला म्हणजे डेक्स्ट्रान झिरपला असं नव्हे

आतड्याच्या अस्तरासारखा पेशींचा थर किती गळतो हे दोन प्रकारे मोजतात. पहिली मोजणी टीईईआर, म्हणजे त्या थराचा विद्युतरोध. फक्त तो ओहम गुणिले चौरस सेंटिमीटर असा लिहा. 'ओहम प्रति चौरस सेंटिमीटर' दिसलं की पुढचे आकडे वाचावेसेच वाटत नाहीत. दुसरी मोजणी फ्लक्सची, म्हणजे थरातून आरपार जाणाऱ्या पदार्थाची: एका बाजूला फ्लुरोसीन हा चमकणारा रंग लावलेला डेक्स्ट्रान (साखरेच्या कड्यांचा मोठा रेणू) मार्कर म्हणून घालायचा आणि ठरावीक वेळाने पलीकडे किती उतरला ते बघायचं. पहिली झटपट होते, दुसरी वेळ खाते.

खरा घोळ निष्कर्षात होतो. वासराच्या आतड्याचा तुकडा उसिंग चेंबरमध्ये (ऊती मध्ये धरून तिच्या दोन्ही बाजूंना द्राव ठेवणाऱ्या उपकरणात) लावला, टीईईआर निम्म्यावर आला, की 'बॅरियर फुटला, एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आरपार गेलं' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. पण वीज वाहून नेतात ते सोडियम-क्लोराइडसारखे आयन. त्यांना वाट मोकळी झाली, एवढंच टीईईआर सांगतो. ती वाट पेशीपटलातल्या आयन चॅनेलमधूनही असू शकते. मग टाइट जंक्शन, म्हणजे शेजारच्या पेशींमधली फट बंद करणारे सांधे, शाबूत असतानाही रोध घटतो. आणि वाट जंक्शनमधून असली तरी क्लॉडिन-२ या जंक्शनमधल्या प्रथिनाची छिद्रं इतकी बारीक असतात की त्यांतून धन आयन आणि पाणी जातं, ४००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) इतका डेक्स्ट्रान जात नाही.

कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एमडीसीके पेशींवर हे २००१ मध्येच लख्ख दिसलं आहे. भरपूर रोध असलेल्या एमडीसीके-१ पेशींत क्लॉडिन-२ घातल्यावर रोध वीस पटींहून जास्त घसरला. डेक्स्ट्रानचा फ्लक्स जागचा हलला नाही. इतका स्वच्छ पुरावा असताना दोन्ही मोजण्या एकमेकींच्या जागी वापरणं मला अक्षम्य वाटतं.

उलटंही घडतं. लहान आतड्याचा रोध मुळातच कमी, कारण आयनांच्या वाटा तिथे आधीच पुष्कळ. त्यात मोठ्या रेणूंसाठी मोजक्या फटी पडल्या तर टीईईआर जेमतेम हलेल आणि डेक्स्ट्रान मात्र पलीकडे सापडेल. म्हणून एकच मोजणी परवडत असेल तर मी फ्लक्सच घेईन, आणि मार्करचं आकारमान शीर्षकातच लिहीन. कारण एंडोटॉक्सिनचे रेणू बहुधा त्या डेक्स्ट्रानहून मोठे असतात, शिवाय पाण्यात पुंजके करून राहतात. दावा एंडोटॉक्सिनचा असेल तर पलीकडच्या द्रावात तेच मोजलं पाहिजे.